मोनोक्युलर घ्यायची आहे? आधी शाळेची पट्टी काढा

भिगवणला होडीत बसलं की दर खेपेला एकजण तरी पिशवीतून नवीकोरी मोनोक्युलर काढतो, डोळ्याला लावून इकडेतिकडे फिरवतो आणि पाचव्या मिनिटाला माझ्या हातात देत म्हणतो, "बघा ना, काहीच दिसत नाहीये." समोर शंभर पावलांवर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उभा असतो. खोक्यावर मात्र '४०×६०' असं ठसठशीत छापलेलं असतं. खरेदीच उलटी झालेली असते. आधी सगळ्यांत मोठा आकडा शोधला, मग किंमत पाहिली, मग रंग, आणि हिच्यातून आपल्याला बघायचंय काय, हा प्रश्न पडला तो थेट होडीत.

मोनोक्युलर म्हणजे एका डोळ्यानं बघायची, मुठीत मावणारी दुर्बीण. ती निवडताना खालच्या क्रमानंच जा. मधला टप्पा गाळलात तर तो पुढे पैसे मागतो.

## टप्पा १: पाकिटाआधी वही

मागच्या तीन सहली आठवा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा.

पहिली, अंतर. ज्या गोष्टीसाठी 'आत्ता दुर्बीण हवी होती' असं वाटलं, ती किती लांब होती? भीमाशंकरच्या रानातलं शेकरू तीस-चाळीस मीटरवर असतं. कोकणकड्यावरून दरीत घिरट्या घालणारा शिकारी पक्षी दोनशे-तीनशे मीटरवर. सिंहगडावरून राजगडाची माची बघायची तर मामला किलोमीटरांचा. देवळाच्या शिखरावरची शिल्पं मात्र जेमतेम पंधरा-वीस मीटरवर असतात, आणि खरं सांगतो, मोनोक्युलर सगळ्यांत जास्त वसूल होते ती तिथेच.

दुसरी, उजेड. भर दुपार की दिवस उगवायच्या वेळी रानात?

तिसरी, चष्मा. लावता का, आणि बघताना तो काढायची तयारी आहे का?

आता एक कडू प्रश्न. तुम्ही दिवसाला दोन-तीन तास पक्षीच बघणार आहात का? तसं असेल तर हा लेख इथेच सोडा आणि ८×३२ किंवा ८×४२ ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या. एका डोळ्यानं फार वेळ बघितलं की डोळा शिणतो, मिटलेल्या डोळ्याच्या बाजूचा चेहरा आखडतो, आणि दोन डोळ्यांनी जी खोली जाणवते ती इथे जाणवत नाही. मोनोक्युलर ही 'काढली, अर्धा मिनिट बघितलं, खिशात टाकली' अशा वापराची चीज. ट्रेकमध्ये पाठीवर आधीच आठ किलो असतात, तेव्हा पाऊणएक किलोची दुर्बीण घरी राहते आणि दीड-दोनशे ग्रॅमची मोनोक्युलर सोबत येते. तिचं खरं बळ एवढंच, आणि ते कमी नाही.

तपासा: वहीत तीन अंतरं, तीन वेळा आणि चष्म्याचं उत्तर लिहून झालं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: दोन आकडे आणि एक भागाकार

मोनोक्युलरवर ८×२५, १०×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसेल. दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. उजेड किती आत येणार हे दुसऱ्यावर ठरतं, आणि वजनही.

सगळे अडकतात ते पहिल्या आकड्यात. म्हणून हिशेब करून बघा. २०० मीटरवरचं गिधाड ८ पटीच्या मोनोक्युलरमधून २५ मीटरवर असल्यासारखं दिसतं. १० पटीतून २० मीटरवर. फरक पाच मीटरांचा. या पाच मीटरांच्या बदल्यात काय जातं? हाताची थरथरही ८ ऐवजी १० पट होते. एका नजरेत मावणारा भाग आक्रसतो. आणि पुढची काच तेवढीच असेल, तर चित्र अंधारतं.

ते अंधारणं मोजता येतं. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ८×२५ चं उत्तर येतं ३.१, १०×२५ चं २.५ आणि ८×४२ चं ५.२. डोळ्याकडच्या काचेतून उजेडाचा जो गोल ठिपका बाहेर पडतो, त्याचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. लक्ख उन्हात आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, त्यामुळे २.५ चा ठिपकाही पुरतो. तिन्हीसांजेला बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तेव्हा २.५ चा ठिपका म्हणजे मोठ्या रांजणाखाली बारीक धार. वय वाढतं तशी बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून पन्नाशीपुढच्यांनी सातच्या ठिपक्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात हशील नाही.

आता खोक्यावरच्या '४०×६०' ला हाच भागाकार लावा. १.५. हे खरं असतं तर चित्र दुपारीसुद्धा मंद दिसलं असतं आणि हातात धरून काहीही स्थिर दिसलं नसतं. ते तसं मंद दिसत नाही, कारण आकडाच खोटा असतो. पुराव्यासाठी टप्पा ६ पर्यंत थांबा.

सावधान: '१० ते ३०' अशी झूमवाली छोटी मोनोक्युलर मोहात पाडते. पुढची काच २५ ची असेल, तर ३० पटीला ठिपका उरतो ०.८ मिलिमीटरचा. झूम नको. 'नाइट व्हिजन' असं छापलेली पण बॅटरी नसलेली मोनोक्युलर रात्री बघू शकत नाही. काचेला हिरवी झाक असली म्हणून काही अंधारात दिसत नाही.

## टप्पा ३: आकार ठरवा

वही उघडा आणि या तिघांतलं एक निवडा.

शहरं, देवळं, संग्रहालयं, स्टेडियम, आणि शर्टाच्या खिशात मावायलाच हवी अशी अट असेल, तर ५ ते ७ पट आणि पुढची काच १५ ते १८ च्या आसपास. ही अंगठ्याएवढी असते. पाच पट ऐकून लोक नाक मुरडतात. वेरूळला कैलास लेण्याच्या शिखराकडे मान वर करून एकदा हिच्यातून बघा. चित्र हलत नाही आणि मूर्तीच्या बोटांतल्या अंगठ्यासुद्धा दिसतात.

ट्रेक, होडी, एस.टी.च्या खिडकीतून दिसणारा डोंगर, समुद्रावरची गलबतं, थोडे पक्षी, असं सगळं मिळून एकच वस्तू हवी असेल तर ८×२५. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांना मी हीच सांगतो. होडी डुलत असते, ट्रेकमध्ये छाती धपापत असते. आठच्या वरची पट तिथे कामाची नाही.

पहाटे-संध्याकाळी रानात जाणं जास्त असेल तर ८×३२ किंवा ८×४२. ही खिशात मावत नाही, पट्ट्याला किंवा गळ्यात लागते, वजन तीनशे ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतं. '१०×४२ का नको?' हा प्रश्न येतोच. हात स्थिर असेल, बहुतेक वेळा झाडाला किंवा तटबंदीला टेकून बघणार असाल, तर घ्या. चालता चालता थांबून बघणाऱ्यांनी आठवरच राहावं.

आणखी एक आकडा कागदावर बघून ठेवा: १००० मीटरवर किती रुंद भाग दिसतो. आठ पटीला शंभर-सव्वाशे मीटरच्या आसपास असेल तर उत्तम. काही जण हा आकडा १००० यार्डांवर किती फूट असा देतात. त्याला तीननं भागलं की मीटर मिळतात: ३३० फूट म्हणजे ११० मीटर. अंशांत दिलेला असेल तर साडेसतरानं गुणा. हा आकडा लहान असला की होडीतल्या त्या माणसासारखं होतं. पक्षी समोर, आणि नळकांडं भलत्याच पाण्यावर.

## टप्पा ४: चष्मेवाल्यांनी इथे थांबा

चष्मा लावून बघायचं असेल तर 'आय रिलीफ' हा आकडा १५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. डोळा काचेपासून जास्तीत जास्त जेवढा लांब ठेवून पूर्ण गोल दिसतो, ते हे अंतर. १० असेल तर चष्म्याआडून मधला नाण्याएवढा भाग दिसेल आणि कडा काळ्या. लहान मोनोक्युलर बहुधा इथेच मार खातात, कारण अंग छोटं करायच्या नादात हे अंतरही कमी होतं.

डोळ्याकडचं रबरी बूड फिरवून वर-खाली होतं का, तेही बघा. चष्मा असेल तर ते पूर्ण खाली, नसेल तर पूर्ण वर. दुकानात बरेच जण चष्मा घालून ते वरच ठेवतात आणि 'नीट दिसत नाही' म्हणून चांगली वस्तू परत करतात.

लांबचं न दिसणारे, म्हणजे उणे नंबरवाले, चष्मा काढूनही बघू शकतात, कारण फोकस फिरवून तेवढा नंबर भरून निघतो. पण कुठपर्यंत, हे प्रत्येक मोनोक्युलरवर वेगळं. नंबर मोठा असेल तर चष्मा काढून लांबात लांबची टाकी किंवा मनोरा बघा. फोकसची कडी शेवटाला टेकली आणि टाकी अजून धूसरच असेल, तर ती मोनोक्युलर तुमच्यासाठी नाही. डोळ्याला सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर तो फोकसनं भरून निघत नाही, चष्मा ठेवावाच लागतो.

## टप्पा ५: कागदावरच्या शब्दांतले किती खरे कामाचे

माहितीपत्रकात वीसेक शब्द असतात. त्यातले चार बघा, बाकी सोडा.

प्रिझम बॅक-४ काचेचं आहे की बीके-७ चं? आत उलटी झालेली प्रतिमा सुलटी करायला प्रिझम लागतं. बॅक-४ काच प्रकाश जास्त वाकवते, त्यामुळे कडेचा उजेड गळत नाही. बीके-७ मध्ये बहुधा ठिपक्याच्या कडा करड्या, चौकोनी दिसतात.

काचांवर 'फुल्ली मल्टी-कोटेड' (उजेड परत फिरू न देणारे अनेक थर, प्रत्येक पृष्ठभागावर) लिहिलंय की नुसतं 'कोटेड'? कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के उजेड परत फिरतो, आणि आत असे पृष्ठभाग आठ-दहा तरी असतात. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्याच पृष्ठभागावर एक थर दिला असला तरी शब्द खोटा ठरत नाही. मेख तिथे आहे.

'फेज कोटिंग' आहे का? सरळ नळीसारख्या दिसणाऱ्या मोनोक्युलरमध्ये रूफ प्रिझम असतं. त्यात प्रकाश दोन भागांत फुटून पुन्हा एकत्र येतो, आणि हे कोटिंग नसेल तर बारीक रेषा किंचित मऊ पडतात. स्वस्तात हे मिळत नाही. मिळालं तर बारीकसारीक पिसं वेगळी दिसतात.

आणि पाणी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीत ढगच अंगावरून जातात, तेव्हा 'पाणी उडालं तरी चालेल' एवढं पुरत नाही. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. शिवाय आत नायट्रोजन भरलेला हवा. तो कोरडा असल्यामुळे थंड गडावरून गरम गाडीत आल्यावर काचेला आतून दव धरत नाही. बाहेरून धरलेलं दव पुसता येतं. आतलं पुसायला वाट नाही, आणि तेच पुढे बुरशीला आमंत्रण.

'मिलिटरी', 'एचडी', 'प्रोफेशनल' या शब्दांना काडीचा अर्थ नाही. खोक्यात मोबाईल अडकवायची क्लिप फुकट आहे म्हणून काहीही घेऊ नका. हातात धरून मोनोक्युलरमधून मोबाईलनं काढलेले फोटो चांगले यायला नशीब लागतं, नाहीतर ट्रायपॉड.

## टप्पा ६: हातात आल्यावर, पट्टी आणि टॉर्च

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, म्हणून सविस्तर. दुकानात दहा मिनिटं लागतात. ऑनलाइन मागवली असेल तर पहिल्याच दिवशी, खोकं आणि प्लास्टिक न फाडता करा. परत करायची मुदत संपल्यावर सापडलेला दोष तुमचा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

मी हे शिकलो ते भाच्याच्या वाढदिवसामुळे. त्याला हरिश्चंद्रगडाला जायचं होतं, म्हणून घाईघाईनं '४०×६०' मागवली. आली तेव्हा हातात भरीव वाटली, भाचा खूश. मला खिडकीतून समोरच्या इमारतीवरची टाकी बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, कारण ४० पटीला एवढी स्थिर दिसायलाच नको होती. त्याच्या कंपासमधली पट्टी घेतली. पुढची काच ६० नव्हे, ५० मिलिमीटर भरली. मोनोक्युलर हातभर लांब, उजेडाकडे धरून डोळ्याकडच्या काचेतला ठिपका मोजला: ५ मिलिमीटर. ५० भागिले ५, दहा पट. मग दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च डोळ्याकडच्या बाजूनं वीतभर अंतरावर धरला आणि पुढच्या काचेला चिकटून कागद लावला. कागदावरचं उजेडाचं वर्तुळ होतं ४० मिलिमीटरचं. म्हणजे आत कडं बसवून काचेचा दहा मिलिमीटर भाग बंदच केलेला. ४० भागिले ५, आठ पट. ४०×६० म्हणून घेतलेली वस्तू प्रत्यक्षात ८×४० होती. भाचा म्हणाला, "मामा, पण दिसतंय तर छान." दिसत होतं खरं. पैसे मात्र चाळीसचे मोजले होते.

आता तुमची पाळी. या क्रमानं करा:

१. कानाजवळ धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर पुढचं काहीच बघू नका, परत द्या.

२. पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. एकामागे एक अशी बरीच प्रतिबिंबं दिसतील. ती मंद हिरवट-जांभळी असतील तर कोटिंग आहे. एखादं लख्ख पांढरं असेल तर तो पृष्ठभाग कोरा. आरशासारखी लालभडक काच असेल तर दुकानातच ठेवा, ती लाल उजेड परत फेकते आणि रान निळसर-हिरवं दाखवते.

३. हातभर लांब धरून पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि ठिपका बघा. गोल, कडेपर्यंत सारखा उजळ हवा. चारी बाजूंनी कापल्यासारखा, करड्या कडांचा असेल तर प्रिझम हलक्या प्रतीचं.

४. पट्टी आणि टॉर्च, वर सांगितल्याप्रमाणे. टॉर्चच्या वर्तुळाला ठिपक्यानं भागा. उत्तर छापील पटीच्या जवळपास यायला हवं. अर्ध्या मिलिमीटरची चूक मोजताना होतेच, तेवढ्यावरून भांडू नका.

५. पट्टी नसेल तर खिडकीचे गज. एका डोळ्यानं मोनोक्युलरमधून, दुसऱ्या डोळ्यानं उघड्यावर, एकाच वेळी समोरच्या इमारतीचं ग्रिल बघा. दोन चित्रं एकमेकांवर येतील. आत दिसणाऱ्या दोन गजांमधल्या एका जागेत बाहेरच्या किती जागा बसतात ते मोजा. आठ बसल्या तर आठ पट. सवयीनं जमतं, पहिल्यांदा डोकं गरगरतं.

६. दुकानाबाहेर या. ट्यूबलाइटखाली सगळ्याच काचा छान दिसतात. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं बारीक अक्षर मधोमध आणून स्पष्ट करा, मग मोनोक्युलर न हलवता, नजरच फक्त कडेला न्या. कडा थोड्या मऊ असणारच. पण अर्धं चित्र धूसर असेल तर नको.

७. आकाशासमोरची विजेची तार बघा. तारेला जांभळी-हिरवी किनार किती येते? बारीक किनार चालते. रंगपंचमी चालत नाही.

८. स्वतःच्या पायाच्या बोटांवर फोकस होतो का? फुलपाखरं, शिलालेख, संग्रहालयातल्या कपाटातली नाणी बघायची तर दोन मीटर किंवा त्याहून जवळ फोकस व्हायला हवा. काही छोट्या मोनोक्युलर अर्ध्या मीटरपर्यंत येतात. देवळं-लेणी बघणाऱ्यांना हा गुण पटीपेक्षा मोलाचा.

९. ज्या हातात धरलीय त्याच हाताच्या बोटानं फोकस फिरवा. दुसरा हात काठीवर किंवा दोराला असतो, हे विसरू नका. कडी फार घट्ट असेल तर पक्षी उडून जाईल, फार सैल असेल तर खिशात फिरेल.

सावधान: या सगळ्या तपासणीत सूर्याकडे क्षणभरही मोनोक्युलर वळवू नका. सनसेट पॉइंटवर हटकून कोणीतरी मावळत्या सूर्यावर रोखतं. लाल झाला तरी तो सूर्यच, आणि डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही. मुलांच्या हातात देण्याआधी हे वाक्य आधी.

## टप्पा ७: पैसे

ठराविक आकडा देत नाही, चार महिन्यांत शिळा होतो. पद्धत सांगतो. आधी टप्पा ५ मधल्या चारही गोष्टी असलेल्या मोनोक्युलरची किंमत बघा. बजेटपेक्षा जास्त निघाली तर फेज कोटिंग सोडा. तेवढ्यानं सहल बिघडत नाही. पावसात जाणार असाल तर पाणी आणि नायट्रोजन सोडू नका. पट वाढवून मिळतेय म्हणून यातलं काही सोडणं ही सगळ्यांत महाग चूक. बिल आणि भारतात चालणारी वॉरंटी घ्या. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेली स्वस्त पडते खरी, पण आत दव धरलं की दुरुस्तीला ती पाठवायची कुठे, हे आधी विचारा.

## टप्पा ८: पहिले आठ दिवस गच्चीवर

नवी मोनोक्युलर घेऊन थेट ताडोबाला जाऊ नका. वाघ दहा सेकंद दिसतो आणि त्यातले नऊ फोकस शोधण्यात जातात.

आधी कुठल्या डोळ्यानं बघायचं ते ठरवा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, फटीतून लांबची एक वस्तू बघा, आळीपाळीनं डोळे मिटा. ज्या डोळ्याला ती फटीतच दिसत राहते, तो डोळा वापरा. दुसरा डोळा शक्यतो उघडाच ठेवा. दोन दिवस विचित्र वाटतं, मग जमतं, आणि चेहरा आखडत नाही.

धरताना एका हातात नळी, दुसऱ्या हाताच्या पंजानं तिला खालून आधार, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. वरच्या हाताची तर्जनी भुवईवर टेका. टोपी असेल तर टोपीची झाप आणि नळी एकाच मुठीत धरा. थरथर बरीच कमी होते. जवळ झाड, तट किंवा पाठीवरची सॅक असेल तर टेका. दम लागला असेल तर आधी पाणी प्या.

वस्तू शोधताना नळी फिरवत शोधू नका, सगळे नेमके हेच करतात. आधी उघड्या डोळ्यांनी वस्तूवर नजर खिळवा. मान हलवू नका. मोनोक्युलर नजरेच्या वाटेत आणा. तरीही सापडलं नाही तर वस्तूजवळची एखादी ठळक खूण घ्या, वाळलेली फांदी किंवा पांढरा दगड, आणि तिथून सरका. गच्चीवर घारींवर सराव करा. बसलेली घार तीन सेकंदांत सापडायला लागली की उडती घार धरा.

तपासा: दुपारी उजनीच्या पाण्यावरून बघताना चित्र वितळल्यासारखं लहरत असेल तर मोनोक्युलरचा दोष नाही. तापलेल्या हवेचा आहे, आणि जास्त पटीला ते जास्तच लहरतं. सकाळी नऊच्या आत बघा.

सावधान: डोळ्याला लावून पाऊल टाकू नका. आधी उभे राहा, पाय रोवा, मग लावा. कड्यावर तर बसून किंवा पोटावर झोपूनच. विमानतळ, नौदलाच्या गोद्या, लष्करी हद्द आणि धरणाच्या भिंती अशा ठिकाणी ती सॅकमध्येच बरी. आपण बगळेच बघत होतो हे पहारेकऱ्याला पटवण्यात सकाळ जाते.

## टप्पा ९: पुसणं आणि ठेवणं

काच शर्टाच्या टोकानं पुसू नका. समुद्रकाठची वाळू आणि गडावरची माती कोटिंगवर घासली जाते. आधी फुंकणीनं किंवा मऊ ब्रशनं धूळ झटका, मग चष्म्याच्या कापडानं, मधून कडेकडे. खारं पाणी उडालं असेल तर, मोनोक्युलर खरोखर जलरोधक असली तरच, गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरून टिपून घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू बुरशी. कातडी किंवा कापडी म्यानात घालून कपाटात ठेवलेली मोनोक्युलर दोन पावसाळ्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू घेऊन बाहेर येते. म्यान वेगळं ठेवा. मोनोक्युलर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्यात तर ओल भरलेली कळते. त्यांतले दाणे तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. ट्रेकहून आल्यावर लगेच डब्यात बंद करू नका, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा आणि सकाळी ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून पुढच्या काचेतून तिरका टॉर्च मारून बघा. तंतू काठावर दिसायला लागतात, मधोमध पोचायच्या आत दुरुस्तीवाल्याकडे न्या.